रोड टच

'सर, डांबर संपते तिथं येऊन उभे राहा,' सिलिंडरवाल्या पोरानं फोनवर फर्मावलं आणि ठेवूनही दिला. घरपोच आणून द्यायचा आकार बिलातच धरलेला असतो, हे सांगायला उघडलेलं माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

पोळ्याच्या आधीची झड लागलेली. घरी चहा अर्ध्यावर विझलेला. गेलो. लोखंड धरून तीसेक किलोचा तो ऐवज स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि परत फिरलो. आमच्या लेआउटची कमान ओलांडली आणि गाडी फसली.

काळी माती काय चीज आहे, हे डांबरावर राहणाऱ्याला कळायचं नाही. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि सापडेल ते धरून ठेवते. आधी ती टायरला चिकटते, मग टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून भरते, शेवटी चाक फिरायचंच थांबतं. इंजिन कोकलतंय, सायलेन्सर धूर ओकतोय, आणि गाडी जागची हलत नाही. पाय टेकवला तर चप्पल आत राहते आणि पाय तेवढा वर येतो.

धुऱ्यावर एक म्हातारा उभा होता. डोक्यावर युरियाच्या पोत्याची घोंगशी, हातात काडी, बाजूला दोन बकऱ्या. तो मदतीला येईल असं वाटलं. तो आला, पण बोलायला.

'फसली?'

'फसली, बाबाजी.'

'गॅस हाय का?'

'हो.'

'भरेल हाय?'

'भरेल आहे!'

'मंग जड असंन,' म्हातारा म्हणाला आणि काडीनं बकरीला दटावून निवांत उकिडवा बसला. 'पलाट कितीले पडला, मास्तर?'

मी मास्तर आहे हे त्यानं कशावरून ओळखलं कोण जाणे. आकडा सांगितला. त्यानं फुटाचा भाव विचारला, तोही सांगितला. मग तो डोळे मिटून बराच वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिला. मी तोवर काडीनं मडगार्डमधला गारा उकरत होतो. अखेर त्यानं डोळे उघडले.

'बाप्पा! थ्यानं मले याच्या इसाव्या हिश्शात गुंडाळलं.'

'म्हणजे हे वावर तुमचं?'

'माहंच व्हय. तुमी राह्यता तठी माही इहीर होती. थंड पानी. पऱ्हाटी लय जोरात ये अठी.'

'मग विकलं काहून?'

'रस्ता नोहता नं!' म्हातारा हे इतक्या सहज म्हणाला की मी उकरायचं थांबलो. 'शेजाऱ्यानं पांधन वखरून टाकली. आन् पावसात अठी बंडी ये नाई. कापूस डोक्यावर वाहाचा. तहसीलीत केस टाकली, कलम १४३ ची. धुऱ्यावरून वाट मांगाची असते थे. सायेब पाह्याले आले, बूट हातात घेऊन आले. मंग तारखाच तारखा. थकलो, देऊन टाकलं. महिन्याभरात लेआउटवाल्यानं नकाशा लावला, तीस फुटी रोड! म्या म्हनलं बरं झालं. मले सापडला नाई, थ्याले सापडला.'

तो तीस फुटी डांबरी रोड आजही कमानीवरच्या बोर्डावर आहे. बोर्ड मात्र पक्का, सिमेंटच्या पायावर. त्याच्याखाली 'बसस्टॉप ५ मिनिटं' असंही लिहिलंय. कोणाला, ते नाही लिहिलं.

तसे रस्ते विदर्भाला कमी नाहीत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्याकडूनच सुरू होतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये राहिलेला इगतपुरीपुढचा टप्पाही झाला. माझा धाकटा साडू त्याच रस्त्यानं मुंबईहून भुर्रकन आला. टोल नाक्यावरून उतरल्यावर त्यानं 'पोचलोच' असा फोन केला. आमच्या हिनं पोह्याला फोडणी दिली. पोहे गार झाल्यावर साडू आले, पँट गुडघ्यावर, बूट काखेत. 'समृद्धी कुठपर्यंत आहे हो तुमची?' एवढंच बोलले आणि हौदावर पाय धुवायला गेले.

हसायला ठीक आहे. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना रात्री दम लागला, तेव्हा १०८ची गाडी कमानीशीच थांबली. चौघांनी त्यांना बाजेवर घालून चिखलातून नेलं. पाचवा बॅटरी धरून पुढे. ग्रामपंचायत म्हणते, लेआउट आमच्याकडे हस्तांतरित झाला नाही. घरटॅक्सची पावती मात्र वेळेवर फाडते. नगरपरिषद म्हणते, तुम्ही हद्दीबाहेर. आणि लेआउटवाला? पावसात फोन केला की 'पाणी उघडू द्या, मुरूम टाकून देतो', आणि पाणी उघडल्यावर फोन केला की 'आता तं सुकलं नं सर, आता कायले मुरूम?' यावर काय बोलायचं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तिकडे म्हातारा उठला. घोंगशी सारखी केली, चिखलात अनवाणी सरळ चालत माझ्यापर्यंत आला आणि सिलिंडर उचलून खांद्यावर घेतला. मी संकोचलो. 'राहू द्या, बाबाजी.'

'राहू द्या काय? अठीच राह्यलं तं संध्याकाळी दिसन नाई.'

माझ्या फाटकाशी त्यानं सिलिंडर टेकवला, अंगण न्याहाळलं, विहिरीची जागा पायानंच दाखवली. ती आमच्या न्हाणीघरात निघाली. मी पैसे पुढे केले तर त्यानं हात झटकला.

'पैशाचं सोडा. माहं एक एकर अजून उरलं हाय, तुमच्या लेआउटले लागून. ओळखीत कोनी घेनारा असंन तं सांगजा. भाव जास्त लागंन. रोड टच हाय.'

'कोणता रोड, बाबाजी?'

त्यानं काडीनं माझ्या गाडीकडे दाखवलं. 'थो नाई का! तुमची गाडी उभी हाय तो.'