फेस आला म्हणजे सिंक मोकळं झालं, असं नाही

घराघरांतल्या ग्रुपवर एक उपाय सारखा फिरतो. तुंबलेल्या सिंकमध्ये वाटीभर खाण्याचा सोडा टाका, वर वाटीभर व्हिनेगर ओता, फेस थांबला की पातेलंभर उकळतं पाणी सोडा. दहा मिनिटांत पाइप साफ. दर आठवड्याला केलंत तर प्लंबरला कधी बोलवावंच लागणार नाही. एवढं करूनही पाणी उतरलं नाही, तर ड्रेन क्लीनरची पावडर टाका. यातलं बरंचसं चूक आहे आणि शेवटचा सल्ला तर जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘फेस मळ कापतो’ हा पहिला दावा. व्हिनेगर आम्ल आहे, सोडा त्याच्या उलट गुणाचा. एकत्र आले की दोघंही एकमेकांचा जोर संपवतात. उरतं पाणी, सोडियम ॲसिटेट हा क्षार आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. पाइपात थिजलेलं तूप विरघळवायची ताकद त्या पाण्यात नसते. वायूलाही वरचं तोंड उघडं मिळतं, त्यामुळे बोळा खाली ढकलण्याइतका दाब तयार होत नाही. प्रमाणाचंही बघा. बाजारातलं व्हिनेगर साधारण ५ टक्क्यांचं असतं. २०० मिलिलिटरमध्ये आम्ल १० ग्रॅमच्या आसपास, आणि ते १४ ग्रॅम सोड्यात, म्हणजे तीनेक लहान चमच्यांत, संपतं. वाटीतला बाकीचा सोडा तसाच खाली जातो. सिंकमध्ये आधीच पाणी साचलेलं असेल तर हा सगळा खेळ वरच्या वर होतो, बोळ्यापर्यंत काही पोचतच नाही.

उकळत्या पाण्याच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे. गरम पाण्यानं तूप-तेल सुटतं. पण आपल्याकडे सिंकखालचा वेस्ट पाइप बहुतेक घरांत पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. एकदा ओतल्यानं पाइप फुटणार नाही, पण दर आठवड्याला उकळतं पाणी सोडलं तर सांधे सैल होऊन गळती लागू शकते. सुटलेलं तूपही पुढे कुठेतरी गार होऊन पुन्हा थिजतं. भांड्याचं लिक्विड आणि बऱ्यापैकी गरम पाणी, एवढं पुरे.

मग तुंबलेलं सिंक मोकळं कसं करायचं? बहुतेक वेळा घाण असते ती सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाला जोडलेल्या बाटलीसारख्या भागात. खाली बादली ठेवा, ट्रॅपचा तळाचा कप हातानंच डावीकडे फिरवून सोडवा. पान्हा लावू नका, प्लास्टिकचे आटे जातात. कपात काळा, बुळबुळीत गाळ निघेल: चहाचा चोथा, भाताची शितं, तुपाचा थर. जुन्या टूथब्रशनं घासा, रबरी वायसर नीट बसलाय ना ते पाहा, कप पुन्हा आवळा आणि पाणी सोडून सांध्यावर कोरडा कागद धरा. कागद ओला झाला नाही तर काम झालं. ट्रॅप स्वच्छ निघाला तर बोळा पुढे आहे, तिथे रबरी पंप चालतो. वॉशबेसिनला पंप मारताना वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो.

दर आठवड्याच्या सोड्यापेक्षा सिंकच्या तोंडावरची जाळी कितीतरी उपयोगाची. कढई घासण्याआधी रद्दी कागदानं पुसून घ्या, विशेषतः थंडीत.

आता ती पावडर. तिच्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीवर काम करतो हे खरं, पण पाणी पुढे सरकतच नसेल तर पावडर ट्रॅपमध्ये बसून दगडासारखी घट्ट होते. पाण्यात पडली की ती भयंकर तापते, आणि वर गरम पाणी किंवा टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड ओतलंत तर उसळून अंगावर, डोळ्यांत उडू शकते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. मोरीसारख्या बंद जागेत तो फार घातक. आणि ट्रॅप उघडणाऱ्या माणसाचा विचार करा. पावडर टाकली असेल तर त्याला हात घालण्याआधीच सांगा. हे न सांगणं मला अक्षम्य वाटतं.

‘प्लंबर लागणारच नाही’ हेही खरं नाही. एकटं सिंक तुंबलं तर ते घरात सुटतं. पण सिंकचं पाणी सोडल्यावर मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीवरच्या जाळीतून, पाणी वर येत असेल, किंवा संडास आणि मोरी एकदमच तुंबली असेल, तर अडथळा बाहेरच्या लाइनमध्ये किंवा चेंबरमध्ये (इमारतीबाहेरच्या सांडपाण्याच्या झाकणाच्या टाकीत) आहे. घरातले नळ बंद ठेवा, वरच्या मजल्यांवर कळवा आणि सोसायटीकडून चेंबर उघडून घ्या.