सायकसबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एकच स्टार दिलात, ते बरोबर आहे. आमच्याकडून नेलेल्या सायकसची पानं चावून तुमचं पिल्लू आजारी पडलं, चार दिवस सलाईनवर राहिलं आणि काल घरी आलं, असं तुम्ही लिहिलंय. रोप घेताना "घरात कुत्रा आहे, चालेल ना?" असं तुम्ही विचारलं होतं. मी काउंटरवरच्या मुलाकडे चौकशी केली. "पामच आहे, काही होत नाही" असं त्याने खरंच सांगितलं होतं. नंतर फोनवर "कुत्र्याला बांधून ठेवायचं ना" असंही तुम्हाला ऐकवलं गेलं. दोन्हींबद्दल हात जोडून माफी मागतो.

अरेका पाम खरा पाम. त्याने कुत्र्या-मांजरांना विषबाधा होत नाही. सायकसलाही सागो पाम म्हणतात, पण तो पामच्या कुळातलाच नाही. त्याच्या सगळ्या भागांत सायकॅसिन हे विष असतं, बियांत सगळ्यात जास्त, आणि ते यकृत निकामी करतं. मला हे माहीत होतं. मुलांना शिकवलं नाही, हा माझा दोष. एक कळकळीची विनंती: उलट्या थांबल्या तरी यकृताचा त्रास दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढू शकतो. डॉक्टर म्हणतील तेव्हा रक्त तपासून घ्याच.

बाकीची रोपंही फेकणार, असं तुम्ही म्हणता. मनी प्लांट आणि पीस लिली चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते; जिवावर सहसा बेतत नाही. उंचावर टांगा, नाहीतर परत द्या. पण तुमच्या फोटोत सोफ्यावर मांजर दिसलं म्हणून सांगतो, गुच्छातली खरी लिली घरात आणूच नका. पीस लिली वेगळी. खऱ्या लिलीचे अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची किडनी जाऊ शकते.

रोपाचे पैसे आणि उपचाराचं पूर्ण बिल मी देतो. कालपासून सायकस, कण्हेर, अडेनियम आणि डिफेनबेकियाच्या कुंड्यांवर "कुत्र्या-मांजरांना विषारी" अशी मराठीत लाल पाटी लावली आहे, आणि घरात जनावर आहे का, हे बिल करण्याआधी आम्हीच विचारतो.

सायकसची कुंडी न्यायला मी स्वतः येतो, गळालेली पानंही वेचून नेतो. तोवर ती बंद खोलीत ठेवा. रविवारी सकाळी चालेल का?