रक्तात लढाई असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्या भावकीस

आज सकाळी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पुतण्याने घरातल्या जुन्या कांस्याच्या तबकडीचे छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले, ‘लढाई आपल्या रक्तातच आहे. युद्धाशिवाय समाज घडत नसतो.’ दुपारपर्यंत त्याखाली सिंह, तलवारी आणि भगवे झेंडे यांची रांग लागली होती. तिथे मी काही बोललो नाही, कारण तिथे बोलले की पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी कोण बसेल याची भ्रांत पडते. इथे लिहितो, तुम्ही मंडळी मला ओळखता.

ती तबकडी माझ्या पणजीची. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशा तबकड्या पाठवल्या होत्या. सुमारे १२ सेंटीमीटर व्यास, त्यावर हातात हार घेतलेली ब्रिटानिया, पायाशी सिंह, मेलेल्याचे नाव, आणि कडेने इंग्रजीत मजकूर की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे विचारायची सोय नव्हती. पणजीला तो मजकूर वाचता येत नव्हता. माझ्या लहानपणी ती तबकडी तिखटाच्या गाडग्यावर झाकण म्हणून असायची आणि पणजोबांच्या नावाच्या उठावाच्या अक्षरांमध्ये लाल तिखट बसलेले असायचे. आता ती घासूनपुसून, काचेच्या चौकटीत घालून पुण्यातल्या दिवाणखान्यात लावली आहे, आणि तिच्या बळावर आम्ही लढवय्ये झालो आहोत.

पणजोबा होते सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. ही फौज नोव्हेंबर १९१४ पासून आजच्या इराकमधल्या बसऱ्याकडे उतरू लागली, आणि तिला धाडण्यामागे शेजारच्या इराणमधल्या अबादानच्या तेलाचे रक्षण हा एक उघड हेतू होता. पुढे वरिष्ठांना बगदादचा मोह पडला. बगदादजवळच्या टेसिफॉनला तुर्कांकडून मार खाऊन जनरल टाउनशेंडची फौज तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात येऊन कोंडली गेली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला आणि त्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपाई ते मांस बराच काळ नाकारत राहिले, इतके की त्यांची समजूत काढण्यासाठी हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीचे निरोप मागवावे लागले. अखेर फौज शरण गेली आणि उपाशी, आजारी माणसांना वाळवंटातून चालवत नेऊन त्यांतल्या पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. पणजोबा वेढ्यात गेले की त्या वाटेवर, हे आमच्या घरात कोणाला कधीच कळले नाही. पणजीला कोणी विचारले तर ती एवढेच म्हणायची, “बसऱ्याला गेलं, त्ये गेलं.”

युद्धाने समाज घडवला असे म्हणता ना, मग तो कसा घडला तेही ऐका. पणजोबा गेल्याचा सरकारी कागद येईपर्यंत लढाई संपलेली होती. तोवर पणजी धड सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. संक्रांतीला तिला वाण द्यायचे की नाही यावर आयाबायांमध्ये कुजबुज व्हायची. दिराने ‘तो येईपर्यंत मी कसतो’ म्हणून तिच्या वाट्याच्या रानात औत घातले ते पुढे कधी काढले नाही. महागाईने गरिबांचे कंबरडे मोडले होतेच. त्यात जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाचा ताप देशात शिरला. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्यात दगावली आणि आमच्या घरातून पणजीची सासू व धाकटी नणंद गेली. बंदुकीचा आवाजही न ऐकलेल्या या दोघींच्या नावाने ना तबकडी आली, ना आमच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी सिंह उमटला.

आमच्या घरचे काही जगावेगळे नव्हते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात मारले गेले, आणि त्या गावाच्या नावापुढे आज ‘मिलिटरी’ लावले जाते. त्या गावाविषयी मला आदरच आहे. पण त्या घरांतल्या बायकांनी पुढची तीस-चाळीस वर्षे कशी काढली, हे विचारायला तिथे जाणारे फार थोडे.

एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती करताना मला आनंद होत नाही: पलटणीने काहींना खरोखर उभे केले. पणजीची पेन्शन तुटपुंजी होती, पण गावात रोख पैसा दिसायचा तो तिच्याच हाती. हयातीच्या दाखल्यासाठी ती दरवर्षी एकटी तालुक्याला जायची आणि त्या पैशांतून तिने माझ्या आजोबांना शाळेत घातले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या मुलांना लष्कराच्या शाळेने अक्षर दिले, आणि सुभेदार रामजींच्या घरात काय घडले हे मी तुम्हांला सांगायची गरज नाही.

मात्र हे उपकार कसे होते तेही पाहा. १८९२ च्या सुमारास काही जातीच जन्मतः लढण्यालायक असतात असे ‘लढवय्या जातीं’चे शास्त्र काढून त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. १९१७ मध्ये मरायला माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो! ‘लढाई आपल्या रक्तात आहे’ हे वाक्य मुळात आपले नाहीच, ते त्याच भरतीवाल्या साहेबांचे आहे. शंभर वर्षांनी आम्ही ते आपले म्हणून मिरवतो आहोत आणि त्यात कोणाला काही खटकतही नाही, याची मला चीड येते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पुतण्या वाईट नाही. त्याने पणजीला पाहिलेले नाही. त्याच्या हाती आली ती चकचकीत तबकडी, तिखटाचे गाडगे त्याला कोणी दाखवलेच नाही. ते सांगण्याचे काम आम्हा मधल्या पिढीचे होते, आणि आम्ही त्याला लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या.

त्यानेही एक गोष्ट माहीत करून घ्यावी. बसऱ्याचे युद्धस्मारक १९२९ मध्ये उघडले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची नावे तिथे नाहीत. पलटणीच्या खाली ‘आणि इतर इतके’ असा नुसता आकडा आहे. हा भेदभाव झाल्याचे राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये मान्य केले आणि माफी मागितली. म्हणजे ज्या सन्मानासाठी पणजोबा मेले असे तबकडी सांगते, तो द्यायला एका दगडावर चार अक्षरांची जागा निघाली नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी तबकडी, पेन्शनीचे जुने पुस्तक किंवा पलटणीचा कागद असेल तर शिपायाचे नाव, क्रमांक आणि गाव खाली लिहा. आणि त्याच्या बायकोचे नाव माहीत असेल तर तेही लिहा. माझ्या पणजीचे नाव मी उद्या भावकीच्या ग्रुपवर टाकणार आहे. पंगतीत कोण कुठे बसायचे ते नंतर बघू.