मधमाशी चावली तर कार्ड शोधत बसू नका

मधमाशी चावल्यावर काय करावे, हे सांगणारा एक संदेश मोबाइलवर सतत फिरत असतो. त्याचा मजकूर असा: नांगी चिमटीत धरून ओढू नका, विष पिळून आत जाईल, कार्डाच्या कडेनेच खरवडा. मधमाशीच्या डंखावर खायचा सोडा आणि गांधीलमाशीच्या डंखावर व्हिनेगर लावा. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर जंतुसंसर्ग झाला असे समजा. अंगावर पित्त उठून धाप लागली तर अ‍ॅलर्जीची गोळी द्या. यातला एकही सल्ला बरोबर नाही आणि शेवटचा तर जिवावर बेतू शकतो.

आधी नांगीचे बघू. मधमाशी उडून गेली तरी तिची काटेरी नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत रुतून राहते. जवळून पाहिले तर तो सगळा भाग हलताना दिसतो. आतल्या झडपा विष खाली ढकलत असतात, पिशवी दाबल्याने ते जास्त जात नाही. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत उतरते. १९९६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात नांगी खरवडली काय किंवा चिमटीने ओढली काय, डंखाच्या जागी उठलेल्या फुगवट्याच्या आकारात फरक पडला नाही. फरक पडला तो काढायला झालेल्या उशिराने. म्हणून नखाने, बोटांनी, जसे जमेल तसे लगेच काढा. शिवाय तिथून दूर व्हा, कारण डंखासोबत सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात. गांधीलमाशी बहुधा नांगी मागे ठेवत नाही, तिथे उकरत बसू नका. (गोचिडीची गोष्ट वेगळी. ती बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून, अंग न चिरडता, सरळ वर ओढायची असते.)

सोडा आणि व्हिनेगरमागचा तर्क असा की एक विष आम्लधर्मी, दुसरे अल्कधर्मी. पण आग होते ती मुख्यतः विषातल्या मेलिटिनसारख्या घटकांमुळे, आणि ते कातडीच्या आत गेलेले असतात. वरच्या लेपाने ते निष्प्रभ होत नाहीत. टूथपेस्टचेही तेच, वर कातडी चुरचुरते ती वेगळीच. जागा साबण-पाण्याने धुवा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरा. हाताला डंख असेल तर सूज चढण्याआधीच अंगठी काढा. खाजेवर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम चालते.

सूज ४८ तासांपर्यंत वाढत राहू शकते आणि उतरायला आठवडाही लागतो. ती अ‍ॅलर्जीची सूज असते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. दोन-तीन दिवसांनंतर दुखणे वाढत गेले, पू झाला, ताप आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

डंखापासून दूर अंगभर पित्त उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, उलट्या, चक्कर ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे अंगभर पसरणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीची, लक्षणे आहेत. ती काही मिनिटांत वाढतात. गोळी खाज कमी करते. बंद होत चाललेला घसा किंवा कोसळणारा रक्तदाब ती सावरू शकत नाही. त्यावर पहिले औषध अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. जवळ ऑटो-इंजेक्टर (अ‍ॅड्रेनलिनचे स्वतः टोचता येणारे तयार इंजेक्शन) असेल तर लगेच टोचा आणि रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. बरे वाटले तरी रुग्णालयात न्याच, कारण काही तासांनी लक्षणे परत येऊ शकतात. तोंडात किंवा घशात डंख झाला असेल, किंवा एकाच वेळी अनेक डंख झाले असतील, तर लक्षणांची वाट न पाहता निघा.