इथेनॉल आलं म्हणून होर्मुझ सुटलं नाही

निपाणी-चिकोडी भागात एक मेसेज जोरात फिरतोय: “पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. ऊस आपला, कारखाने आपले. मंगळूर-पादूरला तेल साठवलंय, बाकीचं रशिया देतो. आता होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तरी भारताचं काही अडत नाही.” होर्मुझ म्हणजे इराण आणि ओमानमधली चिंचोळी वाट, आखातातलं तेल जहाजानं तिथून बाहेर पडतं.

२० टक्के कशाचे? पेट्रोलचे, डिझेलचे नव्हे. २०२४-२५ मध्ये देशात पेट्रोल सुमारे ४ कोटी टन खपलं, डिझेल ९ कोटींवर, आणि सगळी पेट्रोलियम उत्पादनं मिळून सुमारे २४ कोटी. चार कोटींचा पाचवा हिस्सा ८० लाख. त्यात इथेनॉलच्या लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून खरी बचत पन्नास-पंचावन्न लाख टनांची. वाईट नाही, ऊसबिलं निघायलाही मदत होते. पण कच्चं तेल आजही ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच येतं.

“ऊस आपला” हेही अर्धंच खरं. नांगरट डिझेलवर, ऊस ओढणारा ट्रॅक्टर डिझेलवर. आणि युरिया? देशातले युरियाचे कारखाने मुख्यतः नैसर्गिक वायूवर चालतात. त्यातला बराच वायू द्रवरूपात जहाजानं येतो, सर्वांत जास्त कतारहून, आणि कतारच्या जहाजांना होर्मुझशिवाय दुसरी वाट नाही. म्हणजे अथणी-रायबागचा फडसुद्धा त्या ३३ किलोमीटरच्या चिंचोळ्या पाण्यावर अवलंबून आहे! पाऊस हुकला तर आणखी वेगळंच. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लगाम लावला, तेव्हा कारखानदारांची धावपळ आपण पाहिलीच की.

साठ्याचं म्हणाल तर अडचणीच्या वेळेसाठीची सरकारी तेलकोठारं अशी: पादूर २५ लाख टन, मंगळूर १५ लाख; विशाखापट्टणम धरून ५३ लाख. देशाची साडेनऊ दिवसांची गरज, तीही कोठारं काठोकाठ भरलेली असतील तर. तेल कंपन्यांचा साठा वेगळा, पण तोही संपणाराच.

रशियाचं तेल होर्मुझमधून येत नाही, हे बरोबर. मात्र बाल्टिक आणि काळ्या समुद्रातून निघालेली बरीचशी जहाजं सुएझ आणि तांबड्या समुद्रातून येतात, जिथं नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले केले. शिवाय जगातल्या तेलाच्या खपाचा जवळपास पाचवा हिस्सा होर्मुझमधून जातो. तो अडला, तर तेल सगळीकडेच महागणार; मग रशिया आपल्याला तेलावर सवलत कशाला देईल?

आणि मेसेजात स्वयंपाकाच्या गॅसचं नावच नाही. आपला निम्म्याहून जास्त गॅस आयातीचा, तोही बहुतेक आखातातून. सिलेंडरमध्ये काही इथेनॉल भरत नाहीत.