कबूल कर आणि मोकळा हो, हा सल्ला देणं थांबवा प्लीज

कुणाचं पोरगं किरकोळ चोरीत नाहीतर मारामारीत आत गेलं की काका-मामापासून कोर्टाबाहेरच्या टपरीवरच्या माहितगारापर्यंत सगळे एकच सांगतात, कबूल करून टाक, जेवढे दिवस आत काढलेस तेवढीच शिक्षा लागेल, वर थोडा दंड, संध्याकाळी घरी. आणि बऱ्याचदा होतंही तसंच. जामीनदार मिळत नाही, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, घरात कमावणारा तोच, अशा माणसाला हा रस्ता सोपा वाटणारच, मी त्याला दोष देत नाही.

पण पुढचं कुणी सांगत नाही ना. आमच्या भागातल्या एका पोराची केस, साइटवरून तांब्याची वायर उचलली, माल दोन-तीन हजारांचा. गुन्हा कबूल आहे का विचारल्यावर मान खाली घालूनच हो म्हणाला, सही केली, पुढची केस पुकारली. घरच्यांनी पेढे वाटले, पोरगं सुटलं म्हणून. नंतर सिक्युरिटी गार्डचं काम लागत होतं, तिथे पोलिस व्हेरिफिकेशन मागितलं आणि सगळं बाहेर आलं. तोपर्यंत त्याला माहीतच नव्हतं की आपल्याला शिक्षा झालीय! अपील करावं तर स्वतःहून कबूल केलेलं असल्यामुळे फक्त शिक्षा किती आणि ती कायद्यात बसते का एवढ्यावरच भांडता येतं.

चीड याची येते की कायद्यात वाट आहे. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे. पहिलाच आणि लहान गुन्हा असेल तर कोर्ट ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, वय २१ च्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर तुरुंगात का पाठवतोय याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. रेकॉर्ड पुसलं जात नाही, पण कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे लागणारी अपात्रता अशा माणसाला लागत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे, जेल नाही. पण हे सगळं कोर्टापुढे मांडायला कुणीतरी उभं राहायला लागतं.

आमदार-खासदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली तर सुटल्यावर सहा वर्षांनी तो परत निवडणूक लढवू शकतो. म्हणजे त्याच्या बंदीला मुदत आहे. या वायरवाल्या पोराला किती वर्षांनी कामावर घ्यायचं हे कुठेच लिहिलेलं नाही.

कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन नंबर १५१००. ओळखीतलं कुणी आत असेल तर हो म्हणायच्या आधी वकील मागायला सांगा, आणि गुन्हा खरंच केलाय, कबूलच करायचाय असं असेल तरी वकिलाला आधी प्रोबेशनचा अर्ज द्यायला लावा.