बिलातली ती एक ओळ

गेल्या आठवड्यात माझ्या मोबाईलच्या बिलात मला एक ओळ दिसली. खरे सांगायचे तर ती तिथे चौदा महिने होती. दिसली मात्र गेल्या आठवड्यात. मासिक भाडे आणि त्यावरचा कर या दोहोंच्या मधोमध 'सेवा प्रशासन आकार' असे भारदस्त नाव घेऊन एक किरकोळ रक्कम बसलेली होती. ती इतकी किरकोळ होती, की तिच्यासाठी ग्राहक सेवेला फोन लावून ताटकळण्यात जाणारा वेळच अधिक महाग पडावा. ती तेवढीच ठेवण्यामागे नेमका हाच हिशोब असणार, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तरीही मी फोन लावला. पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले, "मॅडम, हा आकार शासकीय नियमांमुळे लागतो." मी विचारले, "म्हणजे हे पैसे सरकारजमा होतात का?" यावर मला बराच वेळ संगीत ऐकवण्यात आले. ती परत आली तेव्हा उत्तर थोडे सरकले होते: पैसे सरकारकडे जात नाहीत, परंतु नियमांचे पालन करण्यासाठी कंपनीला जो खर्च करावा लागतो त्याची ही भरपाई आहे. त्या मुलीवर माझा मुळीच राग नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिलेले असेल तेच तिने वाचले. पण ज्याने ते लिहिले त्याला मला एक विचारायचे आहे. धंदा करण्यासाठी येणारा खर्च हा वस्तूच्या किमतीतच धरलेला असतो ना? मग हिशेबनिसाचा पगार आणि कार्यालयाचे भाडे उद्या वेगवेगळ्या ओळींत का छापू नये?

रक्कम किती, हा माझ्या तक्रारीचा मुद्दा नाही. दर जाहीर करून कंपनीने वाढवला असता तर मी कुरकुर करून भरला असता, किंवा दुसरी कंपनी शोधली असती. माझी तक्रार त्या नावाबद्दल आहे. 'नियामक', 'प्रशासन', 'वसुली' हे शब्द सरकारी कागदांवरचे आहेत, आणि ते वाचताच आपण मान खाली घालतो, कारण कराशी कुणी घासाघीस करत नाही. कंपनीने स्वतःच्या मर्जीने लावलेल्या आकाराला कराचे कपडे चढवले, की त्यावर प्रश्न विचारण्याची आपली सवयच गळून पडते.

हा केवळ माझ्या बिलाचा अनुभव असता तर इतके लिहिले नसते. अमेरिकेतल्या व्हेरायझन या कंपनीच्या पोस्टपेड बिलांत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह चार्ज' नावाचा असाच आकार अनेक वर्षे लागत आला आहे. जून 2022 मध्ये तो प्रत्येक जोडणीमागे दरमहा 1.95 डॉलरवरून 3.30 डॉलरवर नेण्यात आला. ही वाढ एका ग्राहकाला जाणवणारही नाही, पण दर एक कोटी जोडण्यांमागे ती महिन्याला 1 कोटी 35 लाख डॉलर होते, आणि त्यासाठी योजनेच्या जाहीर दराला हातही लावावा लागत नाही. ग्राहकांनी सामूहिक दावा लावला तेव्हा कंपनीने कोणतीही चूक मान्य न करता 10 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आकार मात्र बंद झाला नाही.

त्याहून वाईट प्रकार अमेरिकेतच काही वर्षे आधी उघड झाला होता. राशिभविष्य, प्रेमाचे सल्ले, नटनट्यांच्या गावगप्पा असले संदेश न मागता फोनवर पाठवायचे आणि त्यांची वर्गणी, बहुधा महिन्याला 9.99 डॉलर, गुपचूप मोबाईलच्या बिलात घुसडायची, असा तिऱ्हाईत कंपन्यांचा उद्योग होता. ग्राहकांचे हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचे म्हणणे असे, की एटीअँडटी आणि टी-मोबाईल या कंपन्या अशा वसुलीतला 35 टक्के किंवा त्याहूनही अधिक वाटा स्वतःकडे ठेवत होत्या. 2014 मध्ये एटीअँडटीने 10 कोटी 50 लाख, टी-मोबाईलने किमान 9 कोटी, आणि 2015 मध्ये व्हेरायझन व स्प्रिंट यांनी मिळून 15 कोटी 80 लाख डॉलर देऊन ही प्रकरणे मिटवली. चारही बड्या कंपन्या एकाच पंगतीत बसलेल्या होत्या, हे लक्षात घ्या. भारतातही न मागितलेल्या कॉलर ट्यून आणि विनोदांच्या सेवांनी लोकांची शिल्लक इतकी कुरतडली, की 2013 मध्ये ट्रायला, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, असा आदेश काढावा लागला, की कोणतीही मूल्यवर्धित सेवा ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय सुरू करता येणार नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळते: बाजारात स्पर्धा आहे, आवडत नसेल तर कंपनी बदला. मलाही पूर्वी हे पटायचे. पण झेवियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये केलेली मांडणी वाचल्यापासून तो विश्वास डळमळला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: छुप्या आकारांतून मिळणाऱ्या पैशावर कंपनी आपला मूळ दर कमी ठेवते. समजा, एखाद्या प्रामाणिक कंपनीने जाहिरात करून लोकांना हे आकार ओळखायला शिकवले, तर शहाणे झालेले ग्राहक तिच्याकडे येतीलच असे नाही. ते जुन्याच ठिकाणी राहून आकार टाळायला शिकतात आणि कमी मूळ दराचा फायदा उपटतात, ज्याचा भार न शिकलेल्यांवर पडतो. म्हणजे प्रामाणिकपणाचा खर्च एकीने करायचा आणि लाभ मात्र दुसरीच्या ग्राहकांना. अशा बाजारात सगळ्यांनी गप्प राहणेच सोयीचे ठरते. आणि जे आकार टाळताच येत नाहीत, त्यांच्या बाबतीत तर शहाणपणाचाही उपयोग नाही.

दुसरे उत्तर अधिक उद्धट असते, आणि दुर्दैवाने ते अनेकदा आपलेच मित्र देतात: "अटी वाचायच्या होत्यास." मी या वेळी खरोखरच वाचल्या. 'सेवा प्रशासन आकार' तिथे होता, पण रकमेच्या जागी 'वेळोवेळी लागू असेल त्याप्रमाणे' असे लिहिलेले होते. हे वाचून ग्राहकाने नेमके काय समजून घ्यावे, हे मला कुणीतरी सांगावे.

सगळेच लपवलेले असते असेही नाही. प्रीपेड रिचार्जची 28 दिवसांची मुदत उघडपणे छापलेली असते. फक्त आपण तिला 'महिना' म्हणतो आणि वर्षाला 12 ऐवजी 13 वेळा पैसे भरतो. ट्रायने 2022 मध्ये निदान काही योजना पूर्ण 30 दिवसांच्या आणि काही दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणाऱ्या असाव्यात असा आदेश दिला, पण 28 दिवसांच्या योजना काही हद्दपार झाल्या नाहीत.

नियमाने फरक पडतो, हे मात्र खरे. युरोपीय संघात 13 जून 2014 पासून, ग्राहकाला आधीच खूण केलेल्या चौकटीतून जादा सेवा गळ्यात मारण्यास बंदी आहे, आणि 15 जून 2017 पासून संघातल्या संघात रोमिंगचा जादा आकारही बंद झाला. या आकाराशिवाय मोबाईलचे जाळे चालवणे शक्य नाही असे वर्षानुवर्षे ऐकवले जात होते. जाळे चालूच आहे. ब्रिटनमध्ये कराराच्या मधेच महागाईच्या निर्देशांकाला जोडून दर वाढवण्याची रीत होती. तिथल्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने 17 जानेवारी 2025 पासूनच्या नव्या करारांसाठी ती बंद केली. दर वाढवायचाच असेल, तर तो केव्हा आणि किती पौंड-पेन्सने वाढेल हे आता करार करतानाच सांगावे लागते.

अमेरिकेतली गंमत सर्वांत बोलकी आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर पोषणमूल्यांचा तक्ता असतो तसा इंटरनेट योजनांवर, मोबाईल धरून, सर्व आकारांचा तक्ता असावा असा नियम तिथे झाला. तेव्हा कंपन्यांच्या संघटनांनी 2023 मध्ये हरकत घेतली, की इतके आकार एकेक करून लिहिणे फार जिकिरीचे आहे. दरमहा कोट्यवधी बिलांत हेच आकार पैशापर्यंत अचूक लावताना ती जिकीर कुठे असते, कोण जाणे! दूरसंचाराचे नियम करणाऱ्या तिथल्या दळणवळण आयोगाने तेव्हा ती हरकत फेटाळली आणि सुचवले, की लिहायचे नसेल तर आकार मूळ दरातच मिसळा. एप्रिल 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांचे तक्ते लागू झाले. पुढच्याच वर्षी त्याच आयोगाने, सदस्य बदलल्यावर, काही आकार वेगळे दाखवण्याची अट काढून टाकण्याचा प्रस्ताव आणला.

मला तक्ताही नको आहे. जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरांत छापला आहे, तोच आकडा कर धरून माझ्या खात्यातून जावा, एवढेच हवे आहे. म्हणून कंपनी बदलण्यापूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीला लेखी विचारले, की तुमच्या अमुक योजनेत पहिल्या तीन महिन्यांत, सर्व आकार आणि कर धरून, मला एकूण किती रक्कम भरावी लागेल. प्रश्नाचे उत्तर एक आकडा आहे. चौथ्या दिवशी उत्तर आले. त्यात आकडा नव्हता. योजनेचे माहितीपत्रक जोडलेले होते आणि त्यातल्या दराच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी होती. ती चांदणी कशासाठी आहे, असे मी पुन्हा विचारले आहे. मला तक्रार क्रमांक मिळाला आहे.